माशाचं पारणं

जळगावला समुद्र नाही, हे मला माहीत आहे. गेली बावीस वर्षं प्रत्येक नवा माणूस ही बातमी मला अशा थाटात सांगतो, जणू मी आत्ताच इथल्या स्टेशनावर उतरले. "ताई, इथे समुद्री मासे? या उन्हात?" हो, इथेच आणि याच उन्हात. समुद्र असता तर माझी गरज कोणाला पडली असती?

माझं काम लोकांच्या घरातले खाऱ्या पाण्याचे मासे सांभाळण्याचं. त्यातही शिकारी मासे. दिवाणखान्यात लाल-पिवळं काहीतरी फिरताना दिसावं म्हणून ठेवतात ते नव्हेत, ते कोणीही सांभाळेल. माझ्याकडे असतात ते दुसऱ्याला गिळून जगणारे. लायनफिश, मोठ्या जबड्याचा हेकरू मासा, खडकाच्या फटीतून नुसतं तोंड बाहेर काढून बसणारी समुद्री वाम. यांच्या पोटाची जबाबदारी घ्यायला आमच्या भागात कोणी तयार नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे आली. मी घेतली आणि निभावली. आता उजवं मनगट पाण्याचे जार उचलू देत नाही, म्हणून एक घर सोडलं तर घरोघरी जाणं थांबवलंय. पण कोणी विचारलं, आयुष्यभर काय केलंस, तर सांगताना माझी मान खाली जात नाही.

माझं माहेर धुळ्याचं. आई बाजारात पाटीवर बसून मासे विकायची. लग्नानंतर जळगावला आले. आमच्या भास्करांचं काचेचं दुकान. खिडक्या, आरसे, फोटोफ्रेम. एकदा एका गिऱ्हाइकाने गळका फिश टँक दुरुस्तीला आणला, यांनी तो नीट केला, आणि तिथून टँक बनवायची ऑर्डर यायला लागली. टँक विकला की दोन दिवसांनी फोन यायचा, मासे मेले. हे म्हणायचे, काच गळते का? नाही ना? मग माझा काय संबंध? संबंध माझा आला. मुंबईच्या माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला फोन करकरून, पुस्तकं चाळून आणि मुख्य म्हणजे मासे मारून मी शिकले. खरं तेच सांगते. पहिल्या वर्षी माझ्या हातून इतके मासे गेले की दुसरी कोणी असती तर तिने टँकमध्ये तुळस लावली असती.

माझं काम कळल्यावर आई पाटीवर बसल्या बसल्या हसली होती. "आयुष्यभर मी मासा कापी कापी लोकेसले खावाडा. आन तू मासाले मासा खावाडस? त्याना पैसा भी भेटस? वा वं मन्ही माय!" तिने ते अख्ख्या बाजाराला ऐकवलं. पण त्या दिवसापासून कोळंबी कशी ताजी ओळखायची, बर्फातला मासा कुठे बोट दाबून बघायचा, हे तिनेच मला शिकवलं. माझी पहिली शाळा तीच.

बाहेरच्या माणसाला हे काम कळावं म्हणून थोडं सांगते. खारं पाणी म्हणजे मीठ घातलेलं पाणी नव्हे. त्याचं वेगळं मीठ पोत्यात मिळतं. ते गाळलेल्या पाण्यात मिसळायचं, दिवसभर पंपाने ढवळत ठेवायचं, खारेपणा मोजायचा, मगच वापरायचं. आमच्या उन्हाळ्यात पाणी तापतं म्हणून ते गार ठेवणारं यंत्र लागतं, आणि वीज गेली की हवेचा पंप बॅटरीवर. हे सगळं जमलं तरी निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं खाण्याचं.

शिकारी माशाला मेलेलं खायला शिकवावं लागतं. समुद्रात तो हलणाऱ्या जिवावर झडप घालतो. पडून राहिलेला तुकडा त्याच्या लेखी अन्नच नसतो. मग एका पारदर्शक काठीच्या टोकाला कोळंबी टोचायची आणि ती पाण्यात अशी नाचवायची की त्याला वाटावं, ही पळून चाललीय. माझी काठी भास्करांनी घासून दिलेली आहे, बावीस वर्षं तीच. कधी तीन दिवसांत जमतं, कधी तीन आठवडे काठी धरून उभं राहावं लागतं. आणि एकदा खायला लागला की रोज द्यायचं नाही. आठवड्यातून तीनदा, थोडं. समुद्रात त्याला कोणी वेळेवर ताट वाढत नाही.

"जिवंत मासे का नाही सोडत? बघायला मजा येईल." हे मला सगळ्यांनी विचारलंय. भुसावळच्या एका ठेकेदाराने तर घरच्या कार्यक्रमात पाहुण्यांसमोर गोल्डफिश सोडायची तयारी ठेवली होती, पिशवी हातात घेऊन उभा होता. गोड्या पाण्यातला तो मासा खाऊन समुद्री माशाचं लिव्हर खराब होतं, वर रोग येतो तो वेगळाच. हे मी सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मासा माझा आहे." मी म्हणाले, "आणि काठी माझी आहे." काठी पुसून पिशवीत घातली आणि निघाले. परत गेले नाही. सर्कस बघायची तर तंबूत जावं.

धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे उलटा प्रकार. घर मांसाहारी, फ्रीजमध्ये वेगळा कप्पा, सगळं शिस्तीत. मी चार दिवस गावाला गेले तेव्हा त्यांच्या स्वयंपाकाच्या बाईंना समजावून गेले. परत आले तर टँक पिवळाधमक! बाईंनी कोळंबी साफ करून तिला हळद-मीठ चोळलं होतं. मी ओरडले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "अक्का, हळद न लावता मासा कोन देस? वास येस ना त्याले!" कोणाला वास येतो, माशाला? त्या माउलीने जन्मभर जे नेमाने केलं तेच केलं होतं.

हे मुद्दाम सांगितलं, कारण माणसं माशाशी वाईट वागतात ती बहुतेक वेळा प्रेमाने. आता जे सांगणार आहे तेही तसंच झालं, आणि त्यात चूक माझीही होती.

जळगावात डाळ मिलवाले नवलभाऊ आहेत. जैन घर, पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. नवलभाऊंनी कुठल्याशा हॉटेलात लायनफिश पाहिला आणि वेडे झाले. वेडं व्हावं असाच तो मासा. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे आणि चहूबाजूंनी पिसाऱ्यासारखे पर. त्यातल्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं. पण नुसता बघावा तर एखादा संस्थानिक शाल पांघरून फेऱ्या मारतोय असं वाटतं. नवलभाऊंनी सहा फुटी टँक करून घेतला आणि बंगल्याच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ठेवला.

प्रश्न खाण्याचा होता. त्या घरात कांदा-लसूणही शिरत नाही, तिथे कोळंबी! नवलभाऊंच्या आईंना सगळे दादीसा म्हणतात. बारीक, ताठ, पांढऱ्या लुगड्यातल्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी अटी सांगितल्या. अन्न घरात ठेवायचं नाही, स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही, काम झालं की जागा पुसून घ्यायची, आणि पुढच्या दाराने यायचं नाही. घरामागे लोखंडी गोल जिना होता, टाकी साफ करणाऱ्यांसाठी. "तू मच्छीवाली ना? मग इकडून नको, तिकडून ये." मला नाव होतं. चांगलं सुलोचना नाव होतं. पण त्यांनी ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लाल झाकणाचा डबा घेऊन आठवड्यातून तीनदा तो गोल जिना मी चढत राहिले. मनात म्हणायचे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

पुढच्या पावसाळ्यात पर्युषण आलं. आठ दिवस. दादीसांची अठ्ठाई होती, म्हणजे आठही दिवस निराहार, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंतच. नवलभाऊंनी मला बाजूला घेतलं. "ताई, कसं सांगू... हे आठ दिवस घरात ते... तुमचा डबा नको. माशाला चालेल का?"

चालेल, असं मी म्हणाले. खोटं नाही बोलले. धडधाकट, पोट भरलेला लायनफिश आठ दिवस सहज काढतो. मी आदल्या दिवशी त्याला नीट खाऊ घातलं, दिवे मंद करायला सांगितले, आणि रोज येऊन नुसतं पाणी तपासत राहिले.

तिसऱ्या दिवशी गेले तर टँकला हार. झेंडूचा. नवलभाऊंच्या सुनेने हसत सांगितलं, "पूर्ण समाजात बातमी गेली, आमच्याकडे मासासुद्धा अठ्ठाई करतोय!" मग बायका यायला लागल्या. आधी दादीसांना नमस्कार, मग टँकसमोर. तपस्व्याची गाणी म्हणतात तशी गाणी झाली. एका आजीने काचेला कुंकू लावलं. शिकार करणारा मासा, ज्याने चारच दिवसांपूर्वी माझ्या हातून चार कोळंब्या मटकावल्या होत्या, तो तपस्वी झाला!

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. याला उपवास घडतोय, याने तो घेतलेला नाही, एवढं सांगायला हवं होतं. पण त्या आठ दिवसांत पहिल्यांदा मला कोणीतरी खुर्ची दिली. सरबत दिलं. "तपस्व्याची सेवा करणाऱ्या बाई याच का?" असं कोणी म्हणालं आणि मी लाजले. हो, लाजले. वर्षभर मागच्या जिन्याने चढणाऱ्या बाईला सरबताचा पेला फार गोड लागतो. मी हसले, पेला संपवला आणि गप्प बसले. या धंद्यात मला कशाची लाज वाटत असेल तर त्या पेल्याची.

नवव्या दिवशी सकाळी पारणं. मी लाल डबा घेऊन गोल जिना चढले, आज थोडंसं खायला द्यायचं म्हणून. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि डबा खाली ठेवला.

टँक पांढरा होता. ताकासारखा. आतला मासा दिसेना. फेस गोळा करणारं यंत्र उतू जाऊन फरशीवर ओघळ आले होते. काचेला नाक लावलं तेव्हा तो दिसला. वर, पृष्ठभागाला लागून, तिरका, तोंड उघडून पाणी ओढत होता.

"काय घातलं यात?" मी विचारलं. सून घाबरली. "पारणं, ताई. मुगाचं पाणी."

तपस्व्याचं पारणं कसं असतं, ते मला नंतर कळलं. उपवास सोडताना घरातला आणि नात्यातला प्रत्येक जण त्याला एकेक चमचा पाजतो. आधी मुगाचं पाणी, पोटाला हलकं म्हणून. चाळीस माणसं होती. चाळीस माणसांनी दादीसांना एकेक चमचा दिला आणि मग श्रद्धेने टँकमध्ये एकेक पळी सोडली. पहिली पळी दादीसांच्या हातची, त्यासाठी त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं होतं. कुटुंबातल्या कोणाच्याच मनात वाकडं नव्हतं. पण रात्रीतून आधीच बरंच काही झालं होतं, कारण उत्साही मंडळींनी आदल्या संध्याकाळीच थोडं साखरपाणीही घातलं होतं. त्या पाण्यातला प्राणवायू संपला होता. मासा गुदमरत होता.

मी भास्करांना फोन केला. दुकानात तयार खाऱ्या पाण्याची दोन पिंपं कायम भरलेली असतात, ती जारमध्ये भरून टेम्पोने आणा म्हटलं. वीस मिनिटांत टेम्पो आला. वीस-वीस लिटरचे जार. ते गोल जिन्याने चढणं शक्यच नव्हतं. एक माणूस रिकाम्या हाताने तिथे कसाबसा वळतो.

मी पुढच्या दाराने आत शिरले. बंगल्याचा दिवाणखाना माणसांनी भरलेला. रेशमी साड्या, पांढरे सदरे, पाटावर दादीसा. मी दोन्ही हातांत जार, साडी खोचलेली, मागे भास्कर आणि टेम्पोवाला. कोणीतरी म्हणालं, "अहो, अहो, इकडून कुठे?" दुसरा म्हणाला, "मागून जिना आहे ना!"

मी थांबले. जार खाली ठेवले नाहीत. म्हणाले, "जिना आहे. मला माहीत आहे, वर्षभर तोच चढतेय. पण वर तुमचा तपस्वी मरतोय. त्याला पारणं तुम्ही घातलं, आता निस्तरायला मी आलेय. ज्यांना विटाळ होतो त्यांनी सरकून बसावं."

सगळे सरकले. नवलभाऊ पांढरे पडले होते. त्यांच्या आईसमोर, समाजासमोर, त्यांच्या घरात एक मच्छीवाली आवाज चढवून बोलत होती. पण त्यांनी अडवलं नाही. उलट स्वतः एक जार उचलला, हे मी विसरणार नाही.

टबमध्ये नवं पाणी भरलं, हवेचा पंप लावला. आता मासा उचलायचा. लायनफिश जाळीने पकडायचा नसतो, काटे अडकतात. भांड्यात सावकाश वळवून घ्यायचा असतो. सावकाश हा शब्द मी लोकांना शिकवत आले. त्या दिवशी मला स्वतःला तो जमला नाही. पाणी पांढरं, दिसत काही नाही, हात घातला आणि तळहातात काटा घुसला.

विंचू चावल्याचं माहेरी पाहिलंय मी. हे त्याहून वाईट. हात खांद्यापर्यंत पेटला. पण भांडं सोडलं नाही. मासा टबमध्ये गेला, मगच मी फरशीवर बसले. भास्कर ओरडत होते, "गरम पाणी! सोसवेल तेवढं गरम पाणी आणा!" या विषावर तोच पहिला उपाय. नंतर दवाखाना.

अशा दिवसांत त्या घरात उकळलेल्या पाण्याला तोटा नसतो. पण कोणी हलेना. मासा हाताळलेला माझा हात, आणि पाणी स्वयंपाकघरातलं, तपस्व्यांच्या भांड्यातलं. सुना एकमेकींकडे बघत राहिल्या.

दादीसा भिंतीला धरत जिना चढून आल्या. आठ दिवसांच्या उपवासानंतर त्यांना उभंही राहवत नव्हतं. मागून सून पितळी पातेलं घेऊन आली. दादीसा खाली बसल्या, माझं मनगट धरलं आणि तो हात, कोळंबीचा, माशाचा, रक्ताचा, स्वतःच्या हाताने त्या पातेल्यात बुडवला. पाणी निवलं की दुसरं मागवायच्या. अर्धा तास धरून बसल्या.

वेदना होत होत्या आणि राग तर त्याहून जास्त होता. मी म्हणाले, "दादीसा, तुम्ही अठ्ठाई घेतलीत तेव्हा महाराजांसमोर हात जोडून घेतलीत ना? स्वतःच्या तोंडाने?"

"हो."

"यानं घेतली होती का?"

त्यांनी टबकडे बघितलं. म्हणाल्या, "नाही. आम्ही घातली त्याच्यावर." मग माझ्याकडे बघून, "तू तेव्हा का नाही सांगितलंस, मच्छीवाली?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, सरबताच्या पेल्याएवढं. मी मान खाली घातली. वर मी म्हणाले ना, माझी मान खाली जात नाही? तेवढी एकदा गेली.

हाताची सूज दोन दिवसांनी उतरली. टँक धुऊन, पाणी बदलून, तीन दिवसांनी मासा परत आत गेला. आता एकच प्रश्न होता, तो खाईल का. बारा दिवस उपाशी, त्यातच हा धक्का. आजारी शिकारी मासा एकदा खाणं सोडून बसला की अनेकदा पुन्हा धरतच नाही, खडकाआड तोंड करून संपून जातो. मी रोज जायला लागले. पुढच्या दाराने. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. दादीसा दिवाणखान्यात बसलेल्या असायच्या. मी लाल डबा घेऊन समोरून जायचे, त्या तोंड भिंतीकडे करायच्या, आणि मी परतताना न बघताच विचारायच्या, "घेतलं का?"

"नाही."

पहिला दिवस नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. काठी नाचवून खांदा दुखायचा. मासा बघायचासुद्धा नाही. चौथ्या दिवशी आईला धुळ्याला फोन केला. तिला खाऱ्या पाण्याचं काही कळत नव्हतं, पण भुकेचं कळत होतं. ती म्हणाली, "मोठं नको देऊ वं. आजारी मानूसले भाकर देतस का? बारीक दे, आन पहिले वास येऊ दे." मी कोळंबीचा नखाएवढा तुकडा कापला आणि त्याचं पाणी आधी दोन थेंब त्याच्यासमोर सोडलं. मुगाचं पाणीच म्हणा ना. तत्त्व तेच होतं, फक्त ज्याचं त्याला.

पाचव्या दिवशी त्याने पर उघडले. सावकाश, एकेक. काठीसमोर आला, थबकला, आणि पुढच्याच क्षणी काठीचं टोक रिकामं होतं. लायनफिश खातो तेव्हा तोंड उघडलेलं दिसतच नाही. मी एकटीच होते हॉलमध्ये. मोठ्याने "शाब्बास!" म्हणाले.

खाली आले. दादीसा भिंतीकडे तोंड करून. "घेतलं का?"

"घेतलं."

त्यांनी सुनेला हाक मारली. "संध्याकाळचं माझं ताट कर आज." सून रडायला लागली. तेव्हा मला कळलं. मासा खाईपर्यंत दादीसांनी दिवसातून एकदाच जेवायचं ठरवलं होतं, अठ्ठाईने खंगलेल्या शरीराला. डॉक्टर ओरडले, मुलगा पाया पडला, ऐकलं नाही. "पहिली पळी माझ्या हातची होती," एवढंच म्हणायच्या.

समाजात यावर बोलणं झालं. मच्छीवालीने घर बाटवलं, म्हातारीला भरीस घातलं. माझ्या माहेरच्या नात्यातही बोलणं झालं, ही बामनीन झाली, वाण्याच्या माशांची आया झाली. दोन्हीकडच्यांना माझं एकच सांगणं होतं आणि आहे. तुम्ही काठी धरून पाच दिवस उभं राहून दाखवा, मग बोला.

पुढच्या वर्षीपासून दादीसांनीच नियम घालून दिला. पर्युषणात मासा उपाशी राहणार नाही आणि घरात डबाही येणार नाही. ते आठ दिवस मासा माझ्याकडे. भास्करांनी दुकानामागे खास टँक बांधला. दरवर्षी तो झाकणाच्या बादलीतून, नवलभाऊंच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून येतो आणि नवव्या दिवशी परत जातो. कोणी विचारलं की दादीसा सांगतात, "ज्याने व्रत घेतलं नाही त्याला उपाशी ठेवायचं, ही पण हिंसाच." हे वाक्य मी त्यांना शिकवलेलं नाही. ते त्यांचं आहे.

मला त्या आजही मच्छीवालीच म्हणतात. एकदा सुनेने सुचवलं, ताईंचं नाव सुलोचना आहे. मीच म्हणाले, राहू द्या. माझी आई मच्छीवाली होती, मी मच्छीवाली आहे. शब्दात काही वाईट नव्हतं, वाईट तो जिना होता.

यंदा दादीसांना आठ उपवास झेपले नाहीत, वय झालं. शेवटचे तीन दिवस धरले. मासाही म्हातारा झालाय, पट्टे फिके पडलेत, यंदा माझ्याकडे असताना शेवटचे दोन दिवस त्याने खाण्याकडे तोंड फिरवलं होतं, आणि ते मी दादीसांना कळवलं होतं. पारण्याच्या सकाळी फोन वाजला. नवलभाऊ होते, आवाज खालचा. "ताई, सगळे जमलेत. मुगाचं पाणी तयार आहे. पण आई तोंड उघडत नाही. म्हणते, आधी तिला विचार."

फोन दादीसांच्या हातात गेला. श्वास ऐकू आला. मग तोच प्रश्न.

"घेतलं का?"

"थांबा," मी म्हणाले, "बघते."

दुखऱ्या मनगटाने कोळंबीचा तुकडा काठीला टोचला, भास्करांना फोन माझ्या कानाशी धरायला लावला आणि काठी पाण्यात सोडली. घाई केली नाही. तिकडे चाळीस माणसं हातात चमचे घेऊन एका मच्छीवालीच्या शब्दासाठी खोळंबली होती. खोळंबू देत. मासा खडकाआडून निघाला, सावकाश एकेक पर उघडत आला, थबकला, मला वाटलं वळतो आता.

काठीचं टोक रिकामं झालं.

"घेतलं, दादीसा," मी म्हणाले. "आता तुम्ही घ्या."